विश्लेषण : कोड न बदलताही सॉफ्टवेअर बंद का पडते? ‘एअरफ्लो’ने यावर काय तोडगा काढला?

फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेक पायथन प्रकल्प अचानक बंद पडू लागले. त्यांच्या कोडमध्ये कुणी एका अक्षराचाही बदल केला नव्हता. कारण ठरली ‘मार्कअपसेफ’ या छोट्या लायब्ररीची २.१.० ही नवी आवृत्ती. तिच्यातून एक जुने फंक्शन काढून टाकले होते. तशी सूचना आधीच्या आवृत्तीत दिली होती. पण ‘जिंजा’ या लोकप्रिय लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या त्याच फंक्शनवर चालत होत्या.

डिपेंडन्सी म्हणजे काय?

कोणतेही सॉफ्टवेअर सगळे काही स्वतः लिहीत नाही. ते इतरांच्या लायब्ररी वापरते आणि त्या लायब्ररी आणखी तिसऱ्यांच्या. हे अवलंबित्व म्हणजे डिपेंडन्सी. ‘मार्कअपसेफ कोणतीही नवी आवृत्ती चालेल’ असे जुन्या जिंजाने नोंदवले होते. त्यामुळे नव्याने इन्स्टॉल करताना सर्वांत ताजी आवृत्ती आपोआप आली आणि घोळ झाला.

मग आवृत्ती कायमची ठरवून का टाकत नाहीत?

एअरफ्लोची अडचण इथेच आहे. ठरलेल्या वेळी डेटा गोळा करणे, तपासणे, अहवाल बनवणे अशी कामे क्रमाने पार पाडणारे हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१४ मध्ये एअरबीएनबी कंपनीत सुरू झाले. आज ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे. ते स्वतंत्र अ‍ॅप्लिकेशन म्हणून चालते, त्याच वेळी वापरकर्ते त्यावर स्वतःचा कोडही लिहितात. पायथनच्या एका एन्व्हायर्न्मेंटमध्ये एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहू शकते. एअरफ्लोने एक आवृत्ती सक्तीची केली आणि वापरकर्त्याच्या कोडला दुसरी लागली, तर दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत.

तोडगा काय?

एअरफ्लोने मधला मार्ग काढला. मूळ पॅकेजमधील अटी शक्य तितक्या सैल ठेवल्या आणि सोबत ‘कन्स्ट्रेंट्स’ नावाची वेगळी यादी दिली. एकमेकींसोबत चालतात हे तपासलेल्या आवृत्त्यांची ही यादी असते आणि पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी ती वेगळी बनते. विकास सुरू असलेल्या शाखेवर नव्या लायब्ररी घेऊन स्वयंचलित चाचण्या चालतात. त्या पास झाल्या तरच यादी पुढे सरकते. नापास झाल्या, तर बिघाड वापरकर्त्याआधी प्रकल्पाच्या लोकांना कळतो.

धोका संपला का?

नाही. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीची यादी सहसा गोठलेली राहते. नंतर एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली, तर दुरुस्ती त्या यादीत आपोआप येत नाही. वापरकर्त्याला नव्या एअरफ्लोकडे जावे लागते किंवा ती लायब्ररी स्वतः अपडेट करून तपासावी लागते. शिवाय ज्या गोष्टीची चाचणीच लिहिलेली नाही, तिची हमी यादी देत नाही.

म्हणजे आवृत्त्या गोठवून फक्त वेळ मिळतो. त्या वेळेत चाचण्या लिहिणारे आणि नापास चाचणीमागचे कारण शोधणारे कुणीतरी लागतेच. ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट वापरता येते, पण त्यामागचे हे काम कुणाला तरी रोज करावे लागते.