पाटा राहील, चटणी कोण वाटेल?

मैत्रिणींनो, मे महिन्यात घर बंद ठेवून माहेरी जाऊन आलात, की कुलूप उघडल्यावर काय दिसतं? कोपऱ्याकोपऱ्यांत जळमटं, ओट्यावर मुंग्यांची रांग, न्हाणीघराच्या फटीत पिंपळाचं रोपटं. यंदा तर आमच्या मागच्या खिडकीत कबुतरीनं चक्क संसार थाटला होता. दोन अंडी! मी पडदा सरकवला तर बाईसाहेब माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू घर त्यांचं आणि पाहुणी मी. आपण मात्र माहेरी बसून म्हणत असतो, "माझ्यावाचून घराचं कसं होणार बाई?" घराचं काही म्हणता काही अडलेलं नसतं.

आज हे लिहायला कारण आमची धाकटी. चौथीत आहे. गेल्या श्रावणात सासूबाई गेल्या, तेव्हापासून जरा गप्प गप्पच असते. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले होते, पाऊस दडी मारून बसलेला. रात्री वीज गेली म्हणून आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून पडलो होतो. एकदम म्हणाली, "आई, आजी गेली तशी एक दिवस सगळीच माणसं गेली, तर या चांदण्या असतील?"

"असतील की."

"पण बघायलाच कुणी नसलं, तर त्या असून काय उपयोग?"

मी म्हटलं, "झोप आता. सकाळी शाळा आहे."

अर्धवेळ का होईना, मी शिक्षिका! वर्गात "प्रश्न विचारा, लाजू नका" असं मुलांना बजावणारी. रात्रभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. प्रश्न चांदण्यांचा होता खरा, पण आला होता आजीवरून, हे मला कळलं होतं. म्हणूनच तर मी तो टाळला.

दुसऱ्या दिवशी उत्तराला सुरुवात केली ती ओट्याखालून. तिथं सासूबाईंचा पाटा-वरवंटा असतो. मिक्सर आल्यापासून मी तो सणासुदीला पुसते आणि पुन्हा सरकवून ठेवते. टाकवत नाही आणि वापरणंही होत नाही. धाकटीला विचारलं, "हा किती जुना असेल, सांग बघू?" म्हणाली, "आजीच्या लग्नातला!"

आजीचं लग्न राहू द्या, आपल्याकडचा हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो बाहेर आला, थरावर थर साचत गेले. आपला सह्याद्री त्याच थरांचा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या दगडाखाली आहे. त्याच सुमाराला, आज जिथं मेक्सिको आहे तिथं, एक प्रचंड अशनी येऊन आदळला आणि डायनोसॉर संपले. त्यात अशनीचा वाटा किती आणि लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. १६ कोटी वर्षं पृथ्वीवर राज्य केलं होतं त्या प्राण्यांनी! आपली माणसांची जात उणीपुरी ३ लाख वर्षांची.

ते गेले म्हणून सूर्य उगवायचा राहिला का? नाही. बिळांत लपून जगणाऱ्या चिमुकल्या केसाळ प्राण्यांना मोकळं रान मिळालं, आणि त्यांच्याच वंशात पुढं कधीतरी आपण आलो. डायनोसॉरांची एक शाखा मात्र वाचली. ती म्हणजे पक्षी. हे सांगितल्यावर धाकटी धावत जाऊन खिडकीतल्या कबुतरीला बघून आली.

तेव्हा प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सोपा आहे. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. त्यातला जवळजवळ सगळा काळ ते आपल्यावाचून चाललं, पुढंही चालेल. सूर्य हळूहळू अधिक प्रखर होतोय. साधारण १०० कोटी वर्षांनी समुद्र आटू लागतील, आणि ५०० कोटी वर्षांनी तो स्वतःच फुगून तांबडा होईल. आपण असू वा नसू, चांदण्यांची हजेरी चुकायची नाही.

राहिला दुसरा भाग: "उपयोग काय?" इथं मी तिला केसरबाईंची गोष्ट सांगितली. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात पृथ्वीवरचे आवाज आणि देशोदेशीचं संगीत आहे, आणि त्यात आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पहिलं व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज आज आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरहून दूर गेलाय, अजून जातोच आहे. आपण सगळे संपल्यावरही कोट्यवधी वर्षं ती तबकडी टिकावी, अशी तिची घडण आहे.

"आणि ती कुणी वाजवलीच नाही तर?"

पोरीनं बरोबर नस पकडली! ऐकणारं कुणी नसेल तर ती नुसती तांब्याची थाळी. मोठे विचारवंत यावर भांडत आले आहेत. कुणी म्हणतात, सौंदर्य चांदण्यांतच असतं, बघणाऱ्याची गरज नाही. मला ते पटत नाही. जिथं कुणाचा तरी जीव कशात तरी गुंतलेला असतो, तिथंच 'महत्त्व' हा शब्द लागू पडतो. ते कुणीतरी म्हणजे माणूसच हवं असं मात्र नाही. कबुतरीला अंड्यांचं महत्त्व माझ्याकडून शिकावं लागलं नाही. पण जीव लावणारं कुणीच उरलं नाही, तर चांदण्या असतील आणि महत्त्व नसेल. मुलीपासून हे लपवू नये असं मला वाटलं.

मग तिचा हात धरून पाट्याच्या मधोमध फिरवला. तिथं तो खोलगट झालाय. ६ कोटी वर्षांचा कातळ, आणि तो झिजवला कुणी? चाळीस वर्षं रोज वाटण करणाऱ्या एका बाईच्या हातानं. उद्या हे सांगायला मी नसेन, तूही नसशील. पण ती चटणी वाटली गेली, आपण ती भाकरीबरोबर खाल्ली, हे झालेलं कुणाला न झालेलं करता यायचं नाही. विश्व संपलं तरी नाही.

धाकटी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आज वाटूया?" वाटली. पाणी जास्त झालं, मीठ कमी पडलं. सासूबाईंनी नाक मुरडलं असतं.

तुमच्याकडेही ओट्याखाली पाटा पडून असेल, तर बाहेर काढा. गरम पाण्यानं आणि ब्रशनं घासा. साबण नको, दगडाला वास राहतो. गुळगुळीत झाला असेल तर टाकी लावून घ्या. टाकीवाले हल्ली दारावर क्वचितच येतात, बाजाराच्या दिवशी चौकशी करा. टाकी लावल्यावर मूठभर जाडे तांदूळ वाटून टाकून द्या. हाताला कच लागेनाशी होईपर्यंत दोन-तीनदा असं करा. मगच सुकं खोबरं, लसूण आणि लाल मिरची घ्या. पाणी घालूच नका.

आणि हो, खिडकीतल्या अंड्यांतून दोन पिल्लं निघाली आहेत. खिडकी उघडायची नाही, असा धाकटीचा हुकूम आहे.