ओसरीवरून : वसईचे दगड

आमच्या बोरिवलीच्या शेजाऱ्यांचे चिरंजीव गेल्या उन्हाळ्यांत स्पेन देशीं जाऊन आले. कादिझ नांवाचें समुद्रकांठचें पुरातन शहर त्यांनीं पाहिलें, आणि तेथील तटबंदीचीं व चर्चांचीं चित्रें आमच्या घरीं सर्वांस दाखविलीं. मुलें हरखून गेलीं. मीं म्हटलें, "अरे, १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजांच्या मस्तकीं होता, म्हणजे आपल्या वसईवर अंमलही त्यांचाच. आणि वसई तर आगगाडीनें अर्ध्या तासावर!"

झालें! रविवारीं तीन पिढ्यांचें आमचें पथक डबे-तांबे घेऊन निघालें.

१५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस तोडून दिली, आणि पुढें दोन शतकें तेथें त्यांचें एक संपन्न नगर नांदलें. जमिनीकडील दरवाजांतली वाट मुद्दाम वांकडी ठेविली आहे. शत्रूस सरळ धांव घेतां येऊं नये हा हेतु. आंत झाडींत चर्चें आणि मठ भग्नावस्थेंत उभे आहेत. छपरें गेलीं, कमानी उरल्या. समुद्राकडील दरवाजाबाहेर कोळ्यांच्या होड्या आणि मासळी. आमच्या सौभाग्यवतींनीं नाकास पदर लावला. नातवंडांनीं होड्या मोजल्या.

वाचकहो, छत्तीस वर्षें मीं वर्गांत १७३९ चा वेढा शिकविला. चिमाजीअप्पांचें नांव निघालें कीं माझा आवाज चढे. मंडपेश्वराच्या लेण्यावर पाद्र्यांनीं चढविलेल्या इमारतीचे अवशेष आमच्या घराजवळच आहेत. ते पाहिले म्हणजे मराठ्यांच्या संतापाचें कारण निराळें सांगावें लागत नाहीं. सेबास्तियन बुरुजापाशीं उभा राहून मीं सुरुंग, खिंडार, हल्ला सारें साभिनय सांगितलें. आपल्याकडील मृत व जखमी मिळून पांच हजारांच्या घरांत गेले, हेंही सांगितलें. शरण आलेल्यांस बायकामुलांसह सन्मानानें जाऊं दिलें, हेंही. (वर्गांत हा भाग मी घाईनें उरकीत असें.)

तेथून फ्रान्सिस्कन पंथीयांच्या चर्चमध्यें गेलों. तेथील जमिनींत थडग्यांच्या शिळा बसविल्या आहेत. त्यांवर कुलचिन्हें कोरलेलीं, नांवें कोरलेलीं. रोमन अक्षरें लागत होतीं, भाषा कळत नव्हती; 'सेपुल्तुरा', म्हणजे थडगें, एवढा शब्द मात्र ओळखतां आला. अकरा वर्षांची नात गुडघे टेकून एकेक अक्षर बोटानें लावीत होती. मध्येंच तिनें मान वर केली.

"आजोबा, आपलीं इतकीं माणसें मेलीं म्हणालांत ना? त्यांचे दगड कोठें आहेत?"

"आपल्यांत दहन करतात, बाळ."

"मग त्यांचीं नांवें कोठें लिहिलीं?"

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें हें विचारलें नव्हतें. मलाही कधीं सुचलें नव्हतें, ही त्याहून लाजिरवाणी गोष्ट.

परतीच्या गाडींत तिला नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेची हकीकत सांगितली. वसईच्या विजयानंतर आणलेली ती घंटा. नातीनें ऐकून घेतलें, पण तिचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. रात्रीं कपाटांतील जुनीं पुस्तकें काढून बसलों. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे, खंडोजी माणकर, अशीं नांवें कागदावर उतरलीं आणि सकाळीं तिच्या हातीं दिलीं.

"आजोबा, हे तर सगळे सरदार," ती म्हणाली.

कागद तिनें इतिहासाच्या वहींत ठेविला आहे. खालचा अर्धा भाग अजून कोरा आहे.