वाशीम महानगर नाही, म्हणून प्रश्न आपला नाही?

१/ शेजारची गावे एकत्र येऊन महानगर घडते, असे पाठ्यपुस्तकी वाक्य आपण विनातक्रार वाचतो. गावे एकत्र येत नाहीत. ती एकत्र केली जातात. इतिहास वाचताना कर्मणी प्रयोग दिसला, की कर्ता शोधावा.

२/ सांगली आणि मिरज पाहा. पटवर्धनांच्या घरातील कलहातून १८०१ मध्ये सांगली मिरजेपासून वेगळी झाली. १९९८ मध्ये कुपवाडसह तिन्हींची एक महानगरपालिका झाली. वेगळे होताना रयतेला कोणी विचारले नव्हते. जोडताना तरी मतदान घेतले का? निर्णय शासनाच्या अधिसूचनेचा होता.

३/ "पण वाशीमचा यात काय संबंध?" संबंध जुना आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे वत्सगुल्म इंग्रजी अमदानीत वऱ्हाडातील जिल्ह्याचे ठाणे होते. १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडला गेला: वाशीम, मंगरूळ अकोल्याकडे, पुसद यवतमाळकडे. जिल्हा परत मिळाला तो १ जुलै १९९८ रोजी, ९३ वर्षांनी. आणि पुसद काही परत आले नाही.

४/ १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ही रीत बदलू पाहिली. १० लाखांवरील महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती, आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य तेथील नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातूनच निवडलेले. महाराष्ट्राने १९९९ मध्ये तसा कायदाही केला. प्रत्यक्षात सूत्रे राहिली ती प्राधिकरणांकडे, ज्यांचे अध्यक्षपद मंत्र्यांकडे असते. (मुंबईचे प्राधिकरण तर १९७५ पासूनचे, घटनादुरुस्तीपूर्वीचे!)

५/ २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. म्हणून सोयाबीनच्या शिवारांना कोणी महानगर म्हणावे, असे नाही. मात्र त्याच दुरुस्तीने प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती दिली आहे. तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांमधून यावे लागतात. अध्यक्ष मात्र पालकमंत्री. निवडणुका लांबून प्रशासक बसला, की त्या चार-पंचमांश जागांवर बसणार कोण?

६/ वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा: सहाही ठिकाणच्या वाचकांनी आपल्या प्रतिनिधींना हाच प्रश्न लेखी विचारावा.