आधी कागद, मग सोल्डर!

आमच्या हॉस्टेल बँडची जुनी बेस गिटार सारखी घूंऽऽ करायची. तारांना हात लावला की हम आणखी वाढायचा. इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणून मी पुढे सरसावलो. दोन्ही पॉट उपटले, नवे लावले, जुने कचऱ्यात! हम तसाच. शेवटी सापडलं काय, तर ब्रिजखालची ग्राउंडची वायर तुटलेली. पाच मिनिटांचं काम!

खरी चूक नंतर कळली. जुन्या पॉटच्या पाठीवरचा आकडा म्हणजे बऱ्याचदा त्याचा जन्मदाखला. १३७६६३२ असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल, ३२ म्हणजे बत्तिसावा आठवडा. पॉट मूळचाच असेल, तर गिटार त्याआधीची नाही. आमच्या गिटारवर कंपनीचं नावही उरलं नव्हतं. होता तो पुरावा मीच फेकला.

मॉडिफिकेशन करूच नका, असं माझं म्हणणं नाही. १९५१ च्या प्रिसिजन बेसचा पिकअप फेंडरने स्वतःच १९५७ मध्ये बदलला. त्याचे दोन तुकडे केले, एकाची गुंडाळी आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट, हम गायब! पण काही कापण्याआधी वायरिंग कागदावर काढा, निघालेला भाग पाकिटात जपा. सबमिशनला आपण जीटी मारतोच. हे एक ड्रॉइंग तरी स्वतः काढा!