नाव कोणाचे, चौकट कोणाची?

आमच्या गावास नुसते 'शिरूर' म्हणून भागत नाही. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठी एक शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. म्हणून आम्ही शिरूर कासार. गावाने एक शब्द जोडून घेतला, आणि काम भागले. संकेतस्थळावर खाते उघडणाऱ्या माणसास मात्र एवढीही मुभा नाही. तेथे नावासाठी बहुधा तीनच चौकटी असतात. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय दस्तऐवजांसाठी स्वतःचे, आईचे, वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम ठरविला. आता हे चौथे नाव तीन चौकटींत कोठे कोंबावे?

'ज्ञानेश्वर' हे नाव मराठवाड्यात घरोघर आढळते. त्यातील 'ज्ञ' रोमन लिपीत कोणी डी-एन-वाय असा लिहितो, कोणी जे-एन, तर कोणी उत्तरेकडील उच्चारास अनुसरून जी-वाय. दाखल्यावर एक, बँकेत दुसरा, आधारपत्रावर तिसरा! यंत्र अक्षरास अक्षर ताडून पाहते. त्याच्या लेखी हे तीन भिन्न मनुष्य. ज्याने देवनागरीत आपले नाव बिनचूक लिहिले, त्याचा यात अपराध कोणता? युनिकोड या जागतिक अक्षरसंहितेत देवनागरी १९९१ पासून आहे. तेव्हा यंत्रास मराठी येत नाही, ही सबब आता निव्वळ आळसाची होय.

याहून बिकट गत सासुरवाशिणींची. पदवीपत्रावर पित्याचे नाव, आधारपत्रावर पतीचे. आमच्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज याच कारणास्तव तीनदा परत आला, आणि तेवढ्यात मुदत सरली. पोर तीच, गुण तेच. जुळले नाही ते नाव, आणि तेही तिने बदललेले नव्हते, लग्नात बदलले गेले होते.

यावर जाणते म्हणतात, नावे काटेकोर न जुळविल्यास तोतयेगिरी माजेल. आम्हांस हा युक्तिवाद उफराटा दिसतो. तोतया चोरलेल्या दस्तऐवजावरून नाव हुबेहूब उतरवून घेतो. अडखळतो तो खरा मनुष्य. खात्याची ओळख न बदलणाऱ्या क्रमांकावर ठेवावी. नाव एकाच ऐसपैस चौकटीत, ज्याचे त्याने लिहिले तसे घ्यावे आणि ते पुढे पालटता यावे. आडनाव नसेल तर नसो.

चारचौघांत दिसणारे टोपणनाव याहून निराळे. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःचे नाव घालीत व कवितांखाली 'गोविंदाग्रज' अशी सही करीत. त्यांस कोणी तोतया म्हटले नाही. आज मात्र पुष्कळ ठिकाणी खरे नाव लोकांपुढे मांडल्यावाचून खाते उघडत नाही, आणि खेड्यातील मुलीस त्याचा किती जाच होतो, हे चौकटी आखणाऱ्यांच्या गावीही नसते.

ती विद्यार्थिनी यंदा पुन्हा अर्ज करणार आहे. "सर, या वेळी कोणतं नाव लिहू?" असे तिने परवा विचारले. आम्ही अद्याप उत्तर दिलेले नाही.