वाट कोणी सोडावी?

वाटेत समोरासमोर आलेल्या दोघांपैकी कोणी कोणास वाट द्यावी, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांस क्षुल्लक वाटला नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट मिळण्यास पात्र असलेल्यांची नामावळीच दिली आहे : वाहनातून जाणारा, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, ओझेकरी, स्त्री, स्नातक, राजा आणि वर. महाभारताच्या वनपर्वात बालवयाचा अष्टावक्र प्रत्यक्ष जनकराजास भर रस्त्यात आंधळ्याचा, बहिऱ्याचा व भारवाहकाचा वाटेवरील अधिकार ऐकवतो, आणि राजा वाट सोडतो.

यावर एखादा तरुण वाचक म्हणेल, ‘मनूने तर वाहनवाल्यासच पहिला मान दिला आहे!’ शंका रास्त आहे. परंतु स्नातक, राजा व वर हे मानाचे धनी वगळले, तर बाकीच्यांत एक गोष्ट समान दिसते : त्यांस चटकन बाजूस होणे कठीण. भरल्या गाडीचे बैल एकाएकी थांबत नाहीत. पायी चालणारा मात्र एक पाऊल सरकला की काम भागते. ज्यास थांबणे सुलभ, त्याने थांबावे, हेच त्या नियमाचे मर्म होय, असे आम्हांस वाटते. आज ब्रेक दाबताच गाडी थांबते, आणि गुडघे धरलेल्या आजींस मात्र धावता येत नाही. तत्त्व तेच ठेवले, तरी मानकरी बदलतो.

हे सर्व आठवण्याचे कारण आमच्या अकोल्यातील जठारपेठ. सायंकाळी तेथील चौकात काठी टेकीत उभ्या राहिलेल्या वृद्धांची मुद्रा पाहावी. भाजी पलीकडे, औषधाचे दुकान पलीकडे, देवदर्शनही पलीकडे. आणि मधून दुचाकी, ऑटो व मोटारी यांचा अखंड ओघ.

‘रस्ता मोकळा पाहून ओलांडावा,’ असा उपदेश त्यांस केला जातो. तो कितपत पुरा पडतो, हे गणितानेच पाहू. समजा, रस्ता १२ मीटर रुंद आहे आणि वृद्ध गृहस्थ सेकंदास ०.८ मीटर चालतात. त्यांस १५ सेकंद लागतील. ताशी ४० किलोमीटर वेगाची दुचाकी तेवढ्या अवधीत सुमारे १६७ मीटर अंतर कापते. म्हणजे पहिले पाऊल टाकताना जी गाडी दीडशे मीटर दूर होती, ती ते पलीकडे पोहोचण्यापूर्वीच त्यांच्या अंगावर येऊन ठेपते. दोष त्यांच्या दक्षतेचा नव्हे, काळाच्या हिशेबाचा आहे. रस्त्याच्या मध्यभागी सुरक्षित उभे राहण्यास जागा मिळाली, तर हाच हिशेब निम्म्यावर येतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. भागाकार केला असता दर सोळा मिनिटांस एक, असे उत्तर येते.

रस्ता ओलांडण्याच्या पांढऱ्या पट्ट्यांस लोक झेब्रा क्रॉसिंग म्हणतात. इंग्लंडात ते १९५१ साली कायद्याने रूढ झाले, तेव्हा पट्ट्यांवर पाऊल ठेवणाऱ्यास अग्रक्रमही त्याच कायद्याने मिळाला. आपल्याकडेही २०१७ च्या वाहनचालनविषयक नियमांनुसार जेथे सिग्नल वा पोलीस नाही, अशा पट्ट्यांपाशी वाहन हळू करून, थांबून, पादचाऱ्यास वाट द्यावी लागते. १४ मे २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. अधिकार कागदावर आला. तो डांबरावर उतरावयाचा आहे.

त्यासाठी वर्दळीच्या चौकांत ठसठशीत पट्टे, दुभाजकात उभे राहण्यापुरती जागा, आणि पट्टे जमिनीपासून किंचित उंच बांधून गाडीस सक्तीने मंदावणे, इतके तरी व्हावे. ही मागणी नागरिकांनी एकत्र येऊन महानगरपालिकेपाशी लेखी करावी.

तथापि एक काम महानगरपालिकेच्या हातचे नाही. चौकात भरधाव जाणारा तरुण परका नसतो. तो आपल्याच कोणाच्या तरी घरचा असतो. घरी तो आजीस हात धरून उठवतो, आणि रस्त्यावर दुसऱ्याच्या आजीस हॉर्न वाजवून मागे हटवतो! मुलाच्या हाती गाडीची किल्ली देताना ‘सांभाळून जा’ एवढेच आपण म्हणतो. त्यात काळजी फक्त त्याची असते. ‘पट्ट्यांपाशी थांब’ हेही तेव्हाच सांगावे.

रस्ता ओलांडण्याचे भय बसले की वृद्ध मंडळी प्रथम फिरणे सोडतात, मग देऊळ, मग स्नेह्यांकडे जाणे. अपघात न होताही त्यांचे जग उंबऱ्यापाशी संपते. त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. घरातील गाडी क्षणभर थांबली, तर तेवढ्यात कोणाची तरी सायंकाळ वाचेल.