खरवडलेली सही

कोरोनं ३,००० चित्रं काढली, पैकी १०,००० अमेरिकेत आहेत, हा विनोद चित्रकलेच्या गप्पांत कोणीतरी सांगतंच. आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, हसू तेच. मागोमाग कामीय कोरो (१७९६–१८७५) या फ्रेंच निसर्गचित्रकाराच्या दिलदारपणाचे किस्से येतात: आपली चित्रं नकलेसाठी उसनी द्यायचा, शिष्यांच्या चित्रांवर हात फिरवायचा, अडल्यानडल्याच्या कॅनव्हासवर आपली सही करून द्यायचा.

त्यानं मिलेच्या विधवेला पैसे दिले, तो मोठेपणा खरा. पण सही देणं वेगळं. पैसे घेणाऱ्याचं नाव शाबूत राहतं. सही घेणाऱ्याचं जातं.

पॉल-देझिरे त्रुयबेर हे नाव किती जणांनी ऐकलंय? तोही नदीकाठ, धूसर झाडी, रुपेरी उजेड रंगवायचा. वळण कोरोचं, सही स्वतःची. १८८३ साली त्याचं एक चित्र धाकट्या अलेक्झांडर द्युमाकडे ‘कोरो’ म्हणून असल्याचं उघड झालं. विक्रीच्या वाटेवर त्रुयबेरची सही जाऊन तिथे कोरोची आली होती. त्रुयबेर कोर्टात गेला. ही गोष्ट आजही ‘द्युमा कसा फसला’ अशीच सांगतात. अरे, द्युमाचे पैसे गेले, त्रुयबेरचं तर चित्रच गेलं! आणि द्युमाला आवडलं होतं ना ते?

२००९ साली दिल्लीत सय्यद हैदर रझा आपल्याच प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची बरीच चित्रं आपली नाहीत हे त्यांनी तिथेच ओळखलं. ‘हे माझं नाही’ म्हणणाऱ्या नामवंताचं जग ऐकतं. ‘हे माझं आहे’ म्हणणाऱ्या त्रुयबेरला वकील लागतो.

मी अनुवादक आहे, म्हणून हे जास्त झोंबतं. चेखवच्या शैलीचा नमुना म्हणून परीक्षणात जी मराठी वाक्यं छापतात, त्यातला एकही शब्द चेखवनं लिहिलेला नसतो. अनुवादकाचं नाव मात्र परीक्षणात नसतं, पुष्कळदा मुखपृष्ठावरही नसतं. यात फसवणूक कुठे आहे, असं संपादक विचारतात. वरची सही खोटी नाही, कबूल. खालची खरवडलेली आहे, त्याचं काय?

नकली कोरो सापडला की संग्रहालयं तो सहसा तळघरात नेऊन ठेवतात. खरा चित्रकार ठाऊक असेल तिथे तरी हे थांबवा. चित्र आहे त्याच भिंतीवर राहू द्या, फक्त पाटी बदला.